बिनलेबलची डबी

भाईंदरला जेसल पार्कात तिसऱ्या मजल्यावर आमचं वन रूम किचन होतं, आणि त्या घरात सगळ्यात मोठा आवाज टीव्हीचा असायचा. सकाळी पाणी आलं की खालून कुणीतरी ओरडून सांगायचं, दुपारभर मागच्या गाळ्यांमधून स्टीलची भांडी ठोकल्याचा आवाज यायचा, खाडीवरचं वारं सुटलं की बाल्कनीचं दार आपटायचं. पण या सगळ्याच्या वर टीव्ही चालूच असायचा. तो कुणी बघत असायचं असं नाही, तो सोबतीला असायचा. आई त्याच्यासमोर सतरंजीवर बसून खोट्या दागिन्यांना खडे चिकटवायची. एका वाटीत पांढरे खडे, दुसरीत लाल, बशीत थोडासा गम. चिमट्याने खडा उचलायचा, गमला टेकवायचा आणि कानातल्याच्या खाचेत दाबून बसवायचा. त्या गमचा उग्र, किंचित गोडसर वास आमच्या घरातल्या सगळ्या वस्तूंना होता, उशांना, माझ्या वह्यांना, अगदी भातालाही. आजही कुठे तो वास आला तर मला भूक लागते. आई गुहागरकडची. कुळथाची पिठी, भात आणि तव्यावर भाजलेली सुकट एवढंच करायची बहुतेक दिवशी, पण ते जेवण मी नंतर कितीतरी ठिकाणी शोधलं आणि मला सापडलं नाही.

आई काळी होती. लोक बोलताना सावळी म्हणतात, तशी नाही, काळी. मी रंगाने तिच्यावर गेले. बाबा गोरेपान. फोर्टमधल्या एका शिपिंग कंपनीत ते क्लार्क होते, संध्याकाळी आठच्या सुमाराला घरी यायचे, हातपाय धुऊन खुर्चीत बसायचे आणि मग गमती करायचे. बाबांना गमती करायची फार हौस. त्या दिवसांत लोडशेडिंग असायचं. पाहुणे बसलेले असताना लाइट गेली की बाबा हमखास म्हणायचे, "अगं, जरा हसून दाखव, म्हणजे कळेल कुठे बसलीयस ते." सगळे हसायचे. अंधारात आईही हसायची, आणि खरंच तिचे दात तेवढे दिसायचे. मीही हसायचे. हे लिहिताना मला सगळ्यात जास्त त्या हसण्याची लाज वाटते.

टीव्हीवर संध्याकाळी सातपासून मालिका लागायच्या. त्यातल्या सुना, सासवा, मोलकरणी, एवढंच काय खलनायिकासुद्धा गोऱ्या असायच्या. त्यांच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीन-तीनदा यायचा आणि दर वेळी त्या अजून उजळ दिसायच्या. मध्ये जाहिराती. एक काळी मुलगी खिडकीत तोंड पाडून बसलेली असायची, मग ती ट्यूबमधलं काहीतरी गालावर लावायची, आणि अर्ध्या मिनिटात तिला नोकरी, नवरा, बापाचा अभिमान सगळं मिळायचं. जाहिरात लागली की आईचा चिमटा थांबायचा. मालिकेत तो थांबत नसे, जाहिरातीत थांबायचा. मला वाटायचं, ती माझा विचार करतेय. दर रविवारी ती मला बेसन, हळद आणि साय लावून मोरीत बसवायची आणि खरखरीत हाताने चोळून काढायची. "थोडा फरक पडलाय," असं ती प्रत्येक रविवारी म्हणायची. ती स्वतःला कधी काही लावत नसे. उरलेलं बेसन ती भजीच्या पिठातही घालू शकत नसे, कारण त्यात हळद जास्त असायची, म्हणून टाकून द्यायची.

माझ्याकडे एक गोष्ट चांगली होती, ती म्हणजे आवाज. शाळेत प्रार्थनेच्या वेळी माइक माझ्या हातात असायचा. वक्तृत्वाच्या स्पर्धेत मला बक्षिसं मिळायची आणि परीक्षक बक्षीस देताना माझ्या आवाजाबद्दलच बोलायचे. मी बारावीत असताना आमच्या केबलवर एक लोकल चॅनल चालायचं. त्यावर दिवसभर जुनी गाणी, साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती आणि संध्याकाळी वीस मिनिटं भाईंदरच्या बातम्या. एका दुपारी पडद्याच्या खाली पट्टी सरकत होती. आईनेच मला हाक मारली. "वैशू, हे बघ काय लिहिलंय. निवेदिका पाहिजे म्हणे. मराठी बातम्यांना." मी म्हटलं, "टीव्हीवर दिसावं लागतं त्यात." आई म्हणाली, "आवाज ऐकल्यावर कोण बघतंय चेहरा."

केबलवाल्यांचं ऑफिस स्टेशनच्या बाजूला एका दुकानाच्या वरच्या माळ्यावर होतं. तिथे एक खोली, एक निळा पडदा, दोन मोठे हॅलोजन आणि एक जुना कॅमेरा. मांजरेकर नावाचे गृहस्थ ते चॅनल चालवायचे. त्यांनी मला आदल्या दिवशीची बातमीपत्रं वाचायला दिली आणि स्वतः कानाला हेडफोन लावून डोळे मिटून बसले. मी वाचत होते तोवर त्यांनी डोळे उघडले नाहीत. शेवटी म्हणाले, "एकदम फर्स्ट क्लास. कुठे शिकलीस?" मग त्यांनी टेप मागे नेऊन मॉनिटरवर लावली. मी पहिल्यांदाच स्वतःला पडद्यावर बघत होते. निळा पडदा झकास दिसत होता. त्याच्यासमोर एक काळा आकार, त्यात डोळे आणि दात. मांजरेकर वाईट माणूस नव्हते, त्यांनाच कसंतरी झालं. "लाइट वाढवला तर मागचं सगळं जळतं, कमी केला तर तू दिसत नाहीस," ते म्हणाले. "कॅमेराच जुना आहे, त्याचा दोष आहे." मग जरा वेळाने खाली बघत म्हणाले, "एक महिन्याने ये परत. जागा ठेवतोय मी. तोवर काहीतरी कर चेहऱ्याचं. आजकाल करतात मुली."

घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं, आणि तिने बाबांना काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मला मागच्या गल्लीतल्या पार्लरमध्ये घेऊन गेली. ते पार्लर म्हणजे तळमजल्यावरच्या एका फ्लॅटचा हॉल होता आणि हंसाबेन नावाची बाई ते चालवायची. भिंतीवर गोऱ्या बायकांचे मोठमोठे फोटो, फिरती खुर्ची, ब्लीचचा नाकाला झोंबणारा वास. हंसाबेनने माझी हनुवटी धरून चेहरा इकडून तिकडे वळवला. "फेशियल-बेशियल से कुछ नहीं होगा इसका," ती आईला म्हणाली, "मेरे पास अपना क्रीम है. सुबह-शाम लगाना. पंद्रह दिन में फरक नहीं दिखा तो मेरे को आके बोलना." तिने ड्रॉवरमधून एक पांढरी प्लास्टिकची डबी काढली. तिच्यावर नाव नव्हतं, लेबल नव्हतं, काही नव्हतं. आईने विचारलं, "इसमें क्या है?" हंसाबेन हसून म्हणाली, "क्या है वो बता दूँ तो मेरा धंधा कैसे चलेगा, भाभी?" आम्ही तिघीही हसलो आणि डबी घेऊन घरी आलो.

फरक पंधरा दिवसांच्या आधीच दिसायला लागला. पहिल्या आठवड्यात त्वचा मऊ झाली, दुसऱ्या आठवड्यात कपाळ उजळलं, आणि महिना व्हायच्या आत मी अशी झाले की कॉलेजच्या गेटवर मैत्रिणीने मला आधी ओळखलं नाही. मान आणि हात होते तसेच राहिले, म्हणून मी ओढणी गळ्याभोवती गुंडाळून घ्यायला लागले. मी दिवसातून कितीतरी वेळा बेसिनवरच्या आरशात बघायचे. मला वाटायचं की ही आरशातली मुलगी इतकी वर्षं आतच होती, कुणी तिला बाहेर काढलं नव्हतं. बाबा एका संध्याकाळी ऑफिसमधून आले, पाण्याचा ग्लास माझ्या हातातून घेताना थांबले आणि म्हणाले, "आता दिसतेस माझी मुलगी." आज त्या वाक्याने माझ्या अंगावर काटा येतो. पण तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आनंदाने रडले होते. आई तिथे भाकरी थापत होती. तिने बाबांचं बोलणं ऐकलं होतं.

मांजरेकरांनी शब्द पाळला. माझं पहिलं बातमीपत्र लागलं तेव्हा आमच्या मजल्यावरच्या सगळ्या बायका आमच्याकडे जमल्या होत्या. कुठल्या भागात पाणी येणार नाही, कुठल्या शाळेत रक्तदान शिबिर आहे, मुर्ध्याच्या रस्त्याचं काम कधी सुरू होणार, उत्तनला कुणाच्या होडीचं काय झालं, असल्या बातम्या मी वाचत होते आणि त्या बायका बातमी ऐकत नव्हत्या. "काय छान दिसतेय गं," एवढंच चाललं होतं. शेजारच्या शहाभाभी आईला म्हणाल्या, "आपकी बेटी तो हीरोइन लगती है." आई टीव्हीच्या अगदी जवळ बसली होती. तिने हात पुढे करून पडद्यावरची धूळ पुसली, माझ्या गालावरची.

दोन महिने असे गेले. त्या दोन महिन्यांत मी अभ्यास केला नाही, पोटभर जेवले नाही, कारण कॅमेऱ्यात गाल फुगीर दिसतात असं मला वाटायला लागलं होतं. आई भातावर पिठी वाढायची आणि मी ताट सरकवायचे. पूर्वी ती ओरडली असती. आता म्हणायची, "राहू दे, नको खाऊस." मग उन्हात गेलं की चेहरा भाजल्यासारखा व्हायला लागला. स्टेशनपर्यंत चालत गेले तरी गाल लाल व्हायचे आणि तासभर तसेच राहायचे. नाकाच्या बाजूला केसांएवढ्या बारीक लाल शिरा दिसायला लागल्या. हनुवटीवर लव वाढली. हॅलोजनखाली बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं आणि मी ते न पुसता वाचायचे. मी हंसाबेनकडे गेले तर ती म्हणाली, "गर्मी का है. बंद मत करना बस. बंद करेगी तो सब वापस आएगा." ती खरं बोलली होती, फक्त काय वापस येणार ते तिने सांगितलं नव्हतं.

डबी महिनाभर पुरायची. चौथी डबी मात्र पंधरा दिवसांतच तळाला लागली. मी आईला विचारलं, ती म्हणाली, "तूच जास्त लावत असशील." हंसाबेन लग्नासाठी गावाला गेली होती आणि पार्लरला कुलूप होतं. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी चेहरा खाजायला लागला. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले तर डोळे नीट उघडत नव्हते. गाल सुजून टम्म झाले होते, त्यांच्यावर पाण्याच्या बारीक पुळ्या, आणि आग अशी की कुणी मिरची वाटून फासली असावी. तरी मी गेले. पावडर थापून, ओढणीने तोंड झाकून मी केबलच्या ऑफिसात पोचले, निळ्या पडद्यासमोर बसले आणि हॅलोजन लागले. "नमस्कार" म्हटल्यावर पुढचं मला वाचता आलं नाही. अक्षरं दिसत होती, पण तोंड उघडलं की गालाची कातडी ताणली जायची आणि फाटेल असं वाटायचं. मांजरेकरांनी लाइट बंद केला. जवळ येऊन बघितलं आणि दोन पावलं मागे गेले. "काय करून घेतलंस हे?" ते म्हणाले. मी त्या वेळी त्यांना त्यांच्याच शब्दांची आठवण करून द्यायला हवी होती. ते म्हणाले, "घरी जा. बरी झालीस की बघू." दारात दुसरी मुलगी उभी होती. तिला त्यांनी त्याच दिवशी बसवलं.

मी घरी आले तेव्हा दुपारचे दोन-अडीच वाजले असतील. माझ्याकडे किल्ली होती. टीव्ही चालू होता, सतरंजीवर खड्यांच्या वाट्या तशाच होत्या आणि आई तिथे नव्हती. ती बेसिनपाशी उभी होती. पदर खांद्यावरून खाली पडला होता, डाव्या हातात ती पांढरी डबी, उजव्या हातात केसातली पिन, आणि ती पिनेने डबीचा तळ खरवडून निघेल तेवढं बोटावर घेऊन गालाला लावत होती. चेहरा धुतलेला होता. गेल्या कित्येक दिवसांत मी तिचा चेहरा पावडरीशिवाय बघितलाच नव्हता. खरं सांगायचं तर बघितलाच नव्हता. तो माझ्यासारखाच लाल होता. काही ठिकाणी पांढुरका, काही ठिकाणी जांभळट, आणि डोळ्यांच्या खाली कातडी कागदासारखी झाली होती.

"आई," मी म्हटलं.

तिने आधी डबी मुठीत लपवली. मग लपवण्यात काही अर्थ नाही हे तिला कळलं असावं. "तुझं सगळं नाही घेतलं," ती म्हणाली. "थोडं थोडं घेत होते."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा टीव्हीवर आलीस ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं मी इथे लिहीत नाही. या वयात तुला कशाला हवंय हे, कोण बघणार आहे तुला, असं मी माझ्या आईला म्हटलं. त्या वेळी ती चाळिशीची असेल. आज मी त्याच वयाची आहे. ती ऐकून घेत राहिली. मग बेसिनच्या कडेला धरून हळूच म्हणाली, "मला कुठे जायचं नव्हतं गं. एकदा बघायचं होतं फक्त, मी कशी दिसले असते ते."

मी तिच्याकडे बघत उभी राहिले. आरशात आम्ही दोघी दिसत होतो, एकसारखे सुजलेले दोन चेहरे. लहानपणापासून लोक सांगायचे, वैशू आईवर गेलीय. इतकी तिच्यासारखी मी कधीच दिसले नव्हते.

आम्हाला डॉक्टरकडे जायला आणखी आठवडा लागला, कारण दोघींनाही घराबाहेर पडायचं नव्हतं. एका दुपारी तोंडं बांधून रिक्षाने गेलो. त्वचेच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी डबी उघडून वास घेतला, आमच्या दोघींच्या गालांवर बोट दाबून बघितलं आणि विचारलं, किती दिवस लावताय. मग सांगितलं की हे औषधाचं क्रीम आहे, यात स्टिरॉइड आहे, ते असं चेहऱ्याला लावायचं नसतं, त्याने कातडी पातळ होते आणि मग तिला त्याची सवय लागते. "आता हळूहळू सोडवायचं," त्या म्हणाल्या, "आणि सोडताना त्रास होईल. आत्ता आहे त्याहून वाईट दिसेल, काही महिने. तेव्हा घाबरून परत लावू नका." आईने विचारलं, "पहिल्यासारखं होईल ना?" डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिचं बरंचसं होईल." आईकडे न बघता त्या कागदावर लिहायला लागल्या.

ते महिने मला सलग आठवत नाहीत. बाल्कनीच्या दाराला आईने चादर लावली होती, कारण उजेड चेहऱ्याला सोसायचा नाही. त्या अर्ध्या अंधारात आम्ही दोघी गार पाण्याच्या पट्ट्या तोंडावर ठेवून सतरंजीवर पडून राहायचो. आग वाढली की आई उठून बसायची आणि खडे चिकटवायला लागायची, म्हणायची हाताला काम असलं की चेहरा विसरतो. तोंड उघडायला त्रास व्हायचा म्हणून भाताची पेज करायची, मीठ घालून, आणि दोघींनी वाटीने प्यायची. टीव्ही चालू असायचा. आम्ही पडद्याकडे पाठ करून पडायचो तरी जाहिरातींचे आवाज यायचे. एकदा मी रिमोट घेऊन तो बंद केला आणि घर इतकं शांत झालं की आईने दोन मिनिटांनी परत लावला. बाबा संध्याकाळी यायचे, आम्हाला बघायचे, आणि आता त्यांना एकही गंमत सुचत नव्हती. ते स्वतःच वाढून घ्यायचे आणि लवकर झोपायचे. मी त्या काळात कितीदा तरी ठरवलं की आता बस झालं, हा चेहरा घेऊन जगायचं नाही. मी ते कुणाला बोलले नाही. आईही तेच ठरवत होती, हे मला माहीत नव्हतं.

एका रविवारी माझी आत्या येणार होती. बाबांची मोठी बहीण, दादरला राहायची. तिला काही सांगितलेलं नव्हतं. सकाळी आई मासळी आणायला म्हणून पदराने तोंड झाकून बाहेर पडली. मला बरं वाटलं, की ती बाहेर जातेय. अकरा वाजले, बारा वाजले. आत्या येऊन बसली, माझा चेहरा बघून हाय हाय करून झाली, आणि आई आली नाही. बाबा बाजारात जाऊन आले. कोळणीने सांगितलं, आज आलीच न्हाय तुमची बाई. तेव्हा बाबांचा चेहरा असा झाला की मला पहिल्यांदाच त्यांची भीती वाटली नाही, कीव आली. आम्ही दोघं खाडीच्या बाजूला चालत निघालो. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं तिकडे का जायचं ते.

आई विसर्जन घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर बसली होती. पाणी तिच्या पायाला लागत होतं आणि चपला वरच्या पायरीवर नीट काढून ठेवल्या होत्या. भरती चढत होती. रिकामी पिशवी तिच्या मांडीवर होती. बाबा धावत खाली गेले, पण तिच्याजवळ पोचल्यावर काय करायचं ते त्यांना कळेना. ते एक पायरी वर बसले. मी त्यांच्या मागे उभी राहिले.

"घरी चल," बाबा म्हणाले.

"ताई आल्यात ना," आई म्हणाली. "त्या जाऊ देत. मग येते."

"ताईचं काय एवढं? ती काय म्हणणार आहे तुला?"

आई पाण्याकडे बघत होती. मग बाबा दुखावल्यासारखे बोलले, आणि ते खरंच दुखावले होते. "मी तुला कधी बोललो का गं रंगावरून? एकदा तरी बोललो का?"

आईने वळून त्यांच्याकडे बघितलं. भर दुपारचं ऊन तिच्या सोललेल्या चेहऱ्यावर होतं आणि तिने तो झाकला नाही.

"रोज," ती म्हणाली.

मी बाबांना ओळखते, ते आठवत होते. एकेक पाहुणा, एकेक संध्याकाळ त्यांच्यासमोर येत असणार. मला वाटलं ते माफी मागतील. ती त्यांनी मागितली नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही कधी नाही. ते उठले, वरच्या पायरीवरच्या चपला घेऊन खाली आले, आईच्या पायांशी ठेवल्या आणि तिथेच पाण्यात उभे राहिले, पॅंट घोट्यापर्यंत भिजवून, ती घालेपर्यंत. बऱ्याच वेळाने तिने त्या घातल्या. त्या दिवसानंतर आमच्या घरात ती गंमत कुणी केली नाही. लाइट जायची आणि सगळे गप्प बसून राहायचे. तेही सोपं नव्हतं.

बारावीला मी नापास झाले. पुढच्या वर्षी परत बसले आणि पास झाले. माझा चेहरा वर्षभरात शांत झाला, आणि रंग परत आला, माझा रंग, गालांवर थोडे जास्त गडद डाग घेऊन. आईचा चेहरा शांत झाला नाही. शिरा राहिल्या, लाली राहिली, गॅससमोर उभं राहिलं तरी गाल पेटायचे. ती बाजारात जाईनाशी झाली. खडे द्यायला-न्यायला येणारी बाई दारातूनच पिशवी घ्यायची. हंसाबेनचं पार्लर जोरात चालू होतं. आई एकदाच तिच्याकडे गेली होती. हंसाबेन म्हणाली, "सबको सूट होता है, आपको नहीं हुआ."

मग मांजरेकरांचा निरोप आला. त्यांना जाहिरातींसाठी आवाज पाहिजे होता, दिसायचं नव्हतं. मी गेले. साड्यांचं दुकान, कोचिंग क्लास, फर्निचर, असं वाचत गेले. एका दिवशी त्यांनी नवा कागद पुढे ठेवला. स्टेशनजवळच्या एका नव्या ब्यूटी क्लिनिकचा. तीन आठवड्यांत उजळ, नितळ, गोरा चेहरा, आत्मविश्वासाने जगासमोर या. मला तिथून उठता आलं असतं. मी स्वतःला सांगितलं, मी नाही वाचलं तर दुसरी वाचेल. मला परत घरात त्या चादरीमागे बसायचं नव्हतं. मी ते वाचलं, आणि चांगलं वाचलं. "आत्मविश्वासाने" या शब्दावर मी जरा थांबले होते, मांजरेकरांना ते फार आवडलं.

दुसऱ्या दिवसापासून ती जाहिरात आमच्या घरात वाजायला लागली. मी आईला सांगितलं नव्हतं. ती खडे चिकटवत होती. जाहिरात सुरू झाली, तिचा चिमटा थांबला, आणि पूर्ण संपेपर्यंत तिने मान खाली ठेवून ऐकलं. मग चिमटा परत चालायला लागला. "आवाज चांगला आलाय," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी मांजरेकरांना ती बंद करायला सांगितली. ते म्हणाले, "चांगली चाललीय, बंद कशाला?" मी तिथे जायचं सोडलं. जाहिरात मात्र चालू राहिली, दिवसातून आठ-दहा वेळा, पुढे कित्येक महिने. मी जिना चढताना कुणाच्या तरी घरातून माझा आवाज यायचा.

आणि एका संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरची पिंकी आली. आठवी-नववीत असेल. माझ्याच रंगाची, बारीकशी पोर. दारात उभं राहून तिने चपलेच्या अंगठ्याशी चाळा केला आणि विचारलं, "ताई, टीव्हीवर तू सांगतेस ना, ते खरंच होतं का? मम्मी म्हणते, तू सांगतेस म्हणजे असेल. आम्ही उद्या चाललोय."

मी नाही म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, मग तू सांगतेस कशाला? मी तशीच उभी राहिले. माझ्या मागे आई सतरंजीवरून उठली. गेले वर्षभर कुणी दारात आलं की ती आत जायची. आता ती पुढे आली, तिने पिंकीचा हात धरून तिला घरात घेतलं, दिव्याचं बटण दाबलं आणि ट्यूबलाइटच्या बरोबर खाली तिच्यासमोर बसली. पदराने तोंडावरची सगळी पावडर पुसून काढली.

"बघ," ती म्हणाली. "लांबून नको. जवळ ये. हात लावून बघ."

पिंकीने माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. तिने हळूच एक बोट आईच्या गालाला लावलं आणि पटकन मागे घेतलं.

"गरम आहे," ती म्हणाली.

"हो," आई म्हणाली. "अजून लाव." आणि तिने पिंकीचा अख्खा तळहात घेऊन आपल्या गालावर दाबून धरला.